वजन आणि वस्तुमान

लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. त्यांपैकी कोणत्याही रस्त्याने गेले तरी थोड्याच पावलांवर एखादा काटा दृष्टीस पडतो. सोनाराचा काटा लहान, किराणा दुकानदाराचा मध्यम आणि अडतीवरचा मोठा. १९१७ साली ही वर्तुळाकार पेठ उभी राहिली, तेव्हा काट्यांवर शेर आणि मण चढत असत. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि त्यांची जागा किलोग्रॅमने घेतली. मापे बदलली तरी विचारणा मात्र तीच राहिली : "वजन किती भरले?" ह्या एका प्रश्नाच्या पोटात दोन निरनिराळे प्रश्न आहेत, ही गोष्ट मापाड्याच्या ध्यानात येत नाही आणि गिऱ्हाइकाच्याही येत नाही. ती यावी अशी अपेक्षाही नाही. कारण दोहोंचे उत्तर काट्यावर एकच मिळते आणि व्यवहार बिनचूक पार पडतो. परंतु पदार्थविज्ञानाने हे दोन प्रश्न काळजीपूर्वक वेगळे केले आहेत, आणि ह्याच लातूर जिल्ह्यात एका पहाटे हा भेद हजारो माणसांच्या जिवावर उठला. म्हणून तो जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे.

अडतीवरचा एक हमाल तुरीचे पोते पाठीवर घेऊन क्षणभर थांबला आहे, असे डोळ्यांसमोर आणावे. हमाल हलत नाही, पोतेही हलत नाही. तरी त्याचे गुडघे वाकले आहेत आणि मानेच्या शिरा ताठ झाल्या आहेत. पृथ्वी त्या पोत्याला आपल्या मध्याकडे ओढीत आहे आणि ती ओढ हमालाची पाठ झेलीत आहे. ह्या ओढीचे नाव वजन. वजन हे एक बल आहे, त्याला दिशा आहे, आणि ती दिशा नेहमी खालची आहे.

आता तेच पोते, त्याच्यासारखी आणखी चार पोती, एका हातगाडीवर रचली. रस्ता सपाट आहे. सगळा भार चाकांनी रस्त्यावर टाकला आहे, हमालाच्या पाठीवर गुंजभरही नाही. असे असूनही गाडी जागची हलविण्यासाठी त्याला पाय रोवून रेटा द्यावा लागतो. पृथ्वीची ओढ तर खालच्या बाजूला. गाडी न्यावयाची आहे आडवी. मग तिला अडविते कोण? थोडा दोष आसाच्या घर्षणाचा आहे हे खरे. पण आसाला कितीही वंगण घातले तरी पहिल्या रेट्याची गरज उरतेच. आणि मौज अशी की, गाडी एकदा चालू लागली आणि वळणावर एखादे पोर आडवे आले, तर थांबवितानाही हमालाला तितकेच झगडावे लागते. मघाशी गाडी चालावयास तयार नव्हती, आता ती थांबावयास तयार नाही. पदार्थ ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत राहण्याचा हट्ट धरतो. ह्या हट्टाला जडत्व म्हणतात आणि त्या हट्टाचे माप म्हणजे वस्तुमान. वस्तुमानाला खालची-वरची दिशा नाही. गाडी पूर्वेला रेटा, पश्चिमेला रेटा, हट्ट तेवढाच.

शास्त्रज्ञ वस्तुमान किलोग्रॅममध्ये मोजतात आणि वजन न्यूटनमध्ये. एक किलोग्रॅम तुरीला पृथ्वी सुमारे ९.८ न्यूटन इतक्या बलाने ओढते. लातूरच्या बाजारात कोणी दहा न्यूटन तूर मागितली तर दुकानदार त्याच्या तोंडाकडे पाहत राहील, आणि त्यात चूक दुकानदाराची नाही. 'वस्तुमान' हा शब्द शाळेच्या पुस्तकासाठी घडविलेला आहे. लोकांच्या तोंडी 'वजन' आहे आणि तेच राहणार.

काट्यावर उत्तर एकच मिळते, ते कसे? दोन पारड्यांचा जुना तराजू घ्या. एका पारड्यात तूर, दुसऱ्यात लोखंडी माप. पृथ्वी दोन्ही पारड्यांना ओढते. ओढ कमी असली तर दोहोंकडे कमी, अधिक असली तर दोहोंकडे अधिक. हा तराजू चंद्रावर नेला, जेथे ओढ पृथ्वीच्या सुमारे एकषष्ठांश आहे, तरी एक किलोच्या मापासमोर एक किलोच तूर लागेल, दाणाही कमी-अधिक नाही. म्हणजे तराजू ओढीचा उपयोग करून घेतो खरा, पण मोजतो वस्तुमान. ताणकाट्याचा प्रकार निराळा. त्याच्या आतली स्प्रिंग जितकी ओढली जाईल तितका काटा सरकतो. तो निव्वळ वजन मोजतो. चंद्रावर तो किलोभर तुरीला सहावा हिस्साच दाखवील.

हा फरक पाहण्यासाठी चंद्रावरच जावयास हवे असे नाही. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे, मुंबई अगदी किनाऱ्यावर. मुंबईस जुळविलेला एखादा अतिशय नाजूक ताणकाटा लातुरास आणला तर क्विंटलभर धान्यामागे तो वीस ग्रॅमांच्या आसपास कमी दाखवील. ह्यासाठी कोणी भांडणार नाही. पोत्याच्या उसवलेल्या शिवणीतून त्याहून अधिक तूर सांडते. परंतु ध्रुवावर जुळविलेला काटा विषुववृत्तावर आणला तर क्विंटलमागे सुमारे अर्धा किलो कमी भरेल, आणि ते काही थोडे नव्हे. हा फरक प्रथम काट्याने नव्हे, घड्याळाने पकडला. १६७२ साली झाँ रिशे हा फ्रेंच ज्योतिषी पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे गेला, तेव्हा त्याचे लंबकाचे घड्याळ रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक तोच होता, त्यातला धातू तेवढाच होता. त्याला खाली आणणारी ओढ तेवढी क्षीण झाली होती.

आज अडतीवर पारड्यांचा तराजू क्वचितच दिसतो. त्याची जागा घेतलेला इलेक्ट्रॉनिक काटा कुळाने ताणकाट्याचाच भाऊ आहे. मालाच्या भाराने त्याच्या आतला धातूचा तुकडा किंचित वाकतो आणि ते वाकणे विजेच्या साह्याने आकड्यात उमटते. त्याला जाणवतात न्यूटन आणि तो दाखवितो किलोग्रॅम. तरीही तो खरे बोलतो, ह्याचे श्रेय वैधमापन खात्याच्या निरीक्षकाला आहे. प्रमाणित मापे काट्यावर ठेवून तो आकडा पडताळला जातो आणि मगच त्यावर शिक्का बसतो. जागच्या जागी असे जुळविल्याने तेथली जी काही ओढ असेल ती हिशेबात आपोआप धरली जाते. त्या मापांची परंपरा शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तेथे प्लॅटिनम-इरिडियमचा सत्तावन्न क्रमांकाचा किलोग्रॅम जपून ठेवलेला आहे. २० मे २०१९ पासून मात्र किलोग्रॅमची व्याख्या कोणत्याही धातूच्या तुकड्यावर नव्हे, तर प्लँकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे.

वस्तुमान दुप्पट झाले की वजनही नेमके दुप्पट होते, हे मात्र विलक्षण आहे. दहा किलोच्या धोंड्याला पृथ्वी एक किलोच्या धोंड्यापेक्षा दहापट जोराने ओढते. पण त्याचा जागा न सोडण्याचा हट्टही दहापट, म्हणून दोन्ही धोंडे बरोबरच खाली येतात. पदार्थ कोणता ह्यावर हे अवलंबून आहे काय, असा प्रश्न न्यूटनला पडला. त्याने सारख्या लाकडी डब्यांत निरनिराळे पदार्थ सारख्या वजनाने भरून त्यांचे लंबक केले आणि ते बरोबरीने झुलतात की नाही हे पाहिले. सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू असे ते पदार्थ होते. सोन्याच्या पंक्तीला गहू बसविणाऱ्या ह्या शास्त्रज्ञाचे अडत बाजाराने कौतुक करावयास हरकत नाही. सर्व लंबक बरोबरीने झुलले. हे असे का व्हावे, ह्या प्रश्नातूनच १९१५ साली आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत सिद्ध झाला. पण तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

अशी ही जोडी नित्य बरोबर चालत असल्यामुळे रोजच्या जीवनात ती एकच वाटते. ती वेगळी दिसावयाची तर भार कोणी तरी दुसऱ्याने उचलला पाहिजे आणि हट्ट तेवढा उघडा पडला पाहिजे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरकरांनी असा एक प्रसंग स्टेशनावर जाऊन पाहिला. मांजरा धरण आटले होते, नळ कोरडे होते, आणि १२ एप्रिल रोजी पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर, एकंदर पाच लाख लिटर पाणी. म्हणजे वस्तुमान पाच लाख किलोग्रॅम. त्या पाण्याचे वजन, सुमारे एकोणपन्नास लाख न्यूटन, रुळांनी आणि रुळांखालच्या खडीने तोलले होते. सपाट मार्गावर इंजिनाला त्यातले काही उचलावे लागत नाही. परंतु उभी गाडी पाच मिनिटांत ताशी चोपन्न किलोमीटर वेगाला आणावयाची म्हटले, तर केवळ त्या पाण्याचा हट्ट मोडण्यासाठी इंजिनाने सतत पंचवीस हजार न्यूटनांचा जोर लावला पाहिजे. अडीच हजार किलोग्रॅमचा धोंडा तोलून धरण्याइतका. वाघिणींचा हट्ट आणि चाकांचे घर्षण ह्याशिवाय निराळे. हीच गाडी चंद्रावरच्या रुळांवर असती तर रुळांवरचा भार सहावा हिस्सा झाला असता. इंजिनाचे हे पंचवीस हजार न्यूटन मात्र तसेच राहिले असते. लातूरजवळ येताच चालकाला बराच आधी ब्रेक लावावा लागे, तोही ह्याच पाण्याच्या हट्टामुळे.

आगगाडीत हा हट्ट मनुष्याने ओळखून, मोजून, काबूत ठेवलेला असतो. घराच्या छपरावर तो आहे हे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

मराठवाड्यातील खेड्यांत घरावर माळवद घालण्याची पद्धत पुरातन आहे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. ह्या प्रदेशाच्या उन्हाळ्यात माळवदाखाली जो गारवा असतो तो पत्र्याखाली कधीच मिळत नाही. पावसाळ्यात गळू लागले की वर नवी माती टाकावयाची. एका पिढीने टाकलेल्या थरावर दुसरी पिढी आपला थर टाकी, आणि कित्येक माळवदे अशी हळूहळू हातभर, कोठे त्याहूनही जाड झाली. खाली दगडांच्या भिंती, दोन-तीन फूट रुंद. आतल्या अंगाला दगड, बाहेरच्या अंगाला दगड, मध्ये गोटे आणि चिखल. चुन्याऐवजी मातीच सांध्यांत.

ह्या मातीचा विचार लोकांनी वजन म्हणून केलेला होता आणि तो अगदी बरोबर केलेला होता. तुळई वाकते काय, खांब पुरेसा जाड आहे काय, भिंत खचते काय, हे प्रश्न गवंडी आणि सुतार पिढ्यान् पिढ्या विचारीत आले. वजन खाली दाबते. दगडावर दगड असलेल्या भिंतीला खालच्या दिशेचा दाब मानवतो. तिचे दगड त्याने अधिकच घट्ट बसतात. म्हणून शंभर वर्षांची घरे ताठ उभी होती आणि जाड भिंतीचा, जाड माळवदाचा वाडा हे गावात सुस्थितीचे लक्षण मानले जाई.

एक हिशेब करून पाहावा. साडेचार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशी एक खोली. तिच्यावर अर्धा मीटर जाडीची माती. घनमीटरला सोळाशे किलोग्रॅम धरले तर ही माती दहा हजार आठशे किलोग्रॅम भरते. एका लहान खोलीत निजलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर एकशे आठ क्विंटल. तेवढ्याच खोलीवर पत्रे घातले तर ते सगळे मिळून पाऊणशे किलोग्रॅमच्या आत बसतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारी आणि तिच्या आसपासची गावे गाढ झोपेत होती. गणपतीचे विसर्जन करून लोक उशिरा निजले होते. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जमीन आडवी हलली. इकडे आली, तिकडे गेली, पुन्हा इकडे आली. एस.टी. एकाएकी सुटली म्हणजे उभा उतारू मागे कलंडतो. त्याला मागे कोणी ढकललेले नसते. पाय गाडीबरोबर पुढे गेलेले असतात आणि शरीर जेथे होते तेथेच राहू पाहते. त्या पहाटे माळवदांचे हेच झाले. छप्पर पडले असे म्हटले जाते. पण ते आधी पडले नाही. आधी ते जागच्या जागी राहिले आणि भिंती त्याच्या खालून सरकल्या.

समजा, जमिनीच्या हालचालीतील वेगवाढ खाली पडणाऱ्या वस्तूच्या वेगवाढीच्या पाचव्या हिश्श्याइतकी होती. तर मघाच्या त्या माळवदाला आपल्याबरोबर नेण्यासाठी भिंतींनी त्याला सुमारे एकवीस हजार न्यूटनांचा आडवा रेटा द्यावयास हवा होता. दोन टनांहून अधिक भाराइतका हा रेटा, आणि तोही क्षणात इकडे, क्षणात तिकडे. पत्र्याच्या छपराला त्याच वेळी एखाद्या लहान मुलाच्या वजनाइतका रेटा पुरतो. खालचा दाब शतकभर सोसणाऱ्या त्या भिंतींना आडवा रेटा देण्याची ताकदच नव्हती. चिखलाचा सांधा ओढ सहन करीत नाही. शिवाय भिंतीला स्वतःचा हट्ट होताच, आणि जितकी ती रुंद तितका तो मोठा. आतला दगडी पदर एकीकडे, बाहेरचा दुसरीकडे असे ते फुटले. कारण दोहोंना शिवून ठेवणारा, भिंतीच्या आरपार गेलेला दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. आधार सुटल्यानंतर मात्र वजनाने आपले काम केले. वस्तुमानाने भिंती मोडल्या आणि वजनाने माती खाली आणली. ह्यात जेमतेम काही सेकंद गेले असतील. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे त्या मातीखाली सापडली आणि पुढे बावन्न गावे मूळ जागेवरून हलवून नव्याने वसविण्यात आली.

त्या पहाटे गावागावांत एक उलटे दृश्य दिसले. ज्यांना वाडा परवडत नव्हता त्यांच्या कुडाच्या आणि गवताच्या झोपड्या पुष्कळ ठिकाणी टिकल्या, आणि मजबूत म्हणून मिरविणारे वाडे ढिगारे झाले. जेथे माळवद भिंतीवर न टेकता लाकडी खांबांवर तोललेले होते आणि खांब व तुळया एकमेकांत घट्ट बसल्या होत्या, तेथे भिंती ढासळूनही छप्पर उभे राहिल्याची उदाहरणे आढळली. लाकूड आडव्या रेट्याने वाकते, पण सांधा सोडीत नाही.

ज्या गुणाने हा घात केला, त्याच गुणावर भूकंप मोजण्याचे यंत्रही चालते. भूकंपमापकात एक जड गोळा अशा तऱ्हेने टांगलेला असतो की, जमीन हलली तरी त्याला ते चटकन् कळू नये. यंत्राची चौकट जमिनीबरोबर हलते, गोळा मागे राहतो, आणि दोहोंमधले अंतर कागदावर रेषेने उमटते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशी यंत्रे लागलेली आहेत. यंत्रातला गोळा आणि किल्लारीचे माळवद ह्यांचे वागणे एकच. फरक इतकाच की, गोळ्याखाली कोणी निजलेले नसते.

किल्लारीचा परिसर १९८४ च्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ साली तो विभागच काढून टाकण्यात आला आणि हा भाग तिसऱ्या विभागात गेला. नव्या घरांच्या भिंतींत सलोह काँक्रीटचे आडवे पट्टे आले. ते सगळ्या भिंतींना कमरपट्ट्याप्रमाणे एकत्र बांधतात, म्हणजे एका भिंतीचा हट्ट दुसरी सांभाळते. स्थापत्यशास्त्रज्ञ घरावर येणारा हा आडवा रेटा काढताना 'इमारतीच्या वजनाचा अमुक हिस्सा' असे लिहितात. भाषा वजनाची आणि आशय वस्तुमानाचा. बाजारातला मापाडी आणि इंजिनियर येथे एकाच बोलीत बोलतात.

जुन्या घरांपैकी जी उभी राहिली त्यांच्या दुरुस्तीसाठी तज्ज्ञांनी चार-पाच उपाय सांगितले. भिंतीत ठिकठिकाणी आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरावे, म्हणजे दोन्ही पदर शिवले जातील. खांब आणि तुळई ह्यांच्या कोपऱ्यांत तिरपे लाकूड ठोकावे. ही कामे कारागिराची आहेत. सर्वांत साधा उपाय मात्र घरच्या माणसांनाच करण्यासारखा होता : माळवदावरची माती कमी करावी, आणि पाणी गळू नये म्हणून उरलेल्या पातळ थराखाली प्लास्टिकचा कागद अंथरावा. मघाच्या त्या खोलीवरची निम्मी माती उतरवावयाची तर, घमेल्यात वीस किलोग्रॅम धरून, दोनशे सत्तर घमेली भरतात.